डीएफ, स्पेस, डॅश, एच... दिसलं का ताई?

लिनक्स म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? काळी स्क्रीन, हिरवी अक्षरं आणि हूडी घातलेला हॅकर! माझ्या डोळ्यांसमोर मात्र ताई येते. ती जळगावला, पिंप्राळ्यात, घरी शिकवण्या घेते. मी पुण्यात आयटीत. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला. नवं मशीन घ्यायचं तर खिशाला भोक, म्हणून तिच्या जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू टाकून दिलं. कस्टमर केअर अर्थातच मी!

माऊसची कामं फोनवर सांगून बघा एकदा. ‘‘कोपऱ्यात चाक दिसतंय?’’ ‘‘कुठल्या कोपऱ्यात? कसलं चाक?’’ अर्धा तास जातो, भांडण होतं ते वेगळंच. कमांड मात्र बोलता येते. आपण अक्षरं सांगायची, तिने उत्तर वाचून दाखवायचं.

परवा फाइल सेव्हच होईना. दुकानदार म्हणाला, फॉर्मेट मारू. आत मुलांचे तीन वर्षांचे मार्क आणि आजीचे शेवटचे फोटो! म्हटलं, ताई, थांब. कंट्रोल, ऑल्ट, टी एकदम दाब. टर्मिनल उघडलं? आता डीएफ, स्पेस, डॅश, एच.

‘‘शंभर टक्के दाखवतंय रे.’’

म्हणजे डिस्क मेली नव्हती, नुसती भरली होती. मग डीयू, स्पेस, डॅश, एसएच, स्पेस, चांदणी. प्रत्येक फोल्डरचं वजन समोर. एकटं डाउनलोड्स ६१ जीबी! तेच ते व्हिडिओ तीन-तीनदा उतरवलेले. सगळे बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवले, संपलं. या दोन्ही कमांड १९७१च्या पहिल्या युनिक्सपासूनच्या आहेत बरं का.

आरएम मात्र मी मुद्दाम शिकवली नाही. ती थेट उडवते, कचरापेटी वगैरे भानगड नाही. फोनवर सांगताना एक स्पेस भलतीकडे पडली तर?

ब्राउझर अडकला की टॉप. कोण किती प्रोसेसर आणि मेमरी खातंय ते कळतं. नंबर टिपायचा, क्यू दाबून बाहेर यायचं आणि किल, स्पेस, तो नंबर. साधा किल प्रोग्रामला आवरायला सवड देतो. किल डॅश नाइन म्हणजे थेट गचांडी. सेव्ह न केलेलं गेलंच. तो शेवटचा उपाय.

आणि हिस्ट्री लिहिलं की आधी टाइप केलेल्या कमांड नंबरासकट येतात. ताईने त्या शिकवणीच्या वहीत मागच्या पानावर उतरवून घेतल्यात, शेजारी मराठीत अर्थ. टॉपपुढे लिहिलंय : ‘कोण जास्त खातंय ते बघणे.’