मॅच गेली, ऊस राहिला

आज फवारणी नाही, खत नाही. आज क्रिकेट. पण शेवटी गाडी पाण्यावरच येणार, आधीच सांगतो.

मी २००८ पासून मुंबईच्या टीमचा माणूस. २०१६ च्या दुष्काळात आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. १२ एप्रिलला पहिली गाडी, ५ लाख लिटर. दुसऱ्याच दिवशी मुंबई हायकोर्टानं ३० एप्रिलनंतरच्या आयपीएलच्या मॅच महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं. आदेशात १३ मॅच होत्या. मुंबई आणि पुणे, दोन्ही टीमचं घर विशाखापट्टणम झालं, फायनल बंगळूरला. पारावर आम्ही टाळ्या वाजवल्या. म्हटलं, बरी जिरली! माणसाला प्यायला नाही अन् हे गवताला पाणी घालतात.

रात्री धाकट्या भावानं कागद घेतला. तो कृषी पदविकावाला. याचिकेत मैदानांसाठी सुमारे ६० लाख लिटर पाण्याचा आकडा होता. भाऊ म्हणाला, "दादा, एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे चार हजार लिटर. मोकाट पाण्यावरच्या उसाला दोन हजार मिलिमीटर तरी लागतं. एकरी ८० लाख लिटर. आपला ऊस किती?"

पाऊण एकर.

म्हणजे ६० लाख. त्या पाणीगाडीच्या बारा खेपा, एकट्या माझ्या वावरात. मी काही बोललो नाही. त्या उन्हाळ्यात बोअर आटला अन् ऊसही वाळला, ती गोष्ट वेगळी.

कोर्टाचं चुकलं असं मी म्हणत नाही. माणशी ४० लिटर धरलं तरी २००० वस्तीच्या गावाला ते पाणी अडीच महिने पुरतं. पण मॅच गेल्यानं आमच्या हंड्यात थेंबही वाढला नाही, हेही खरं.

आणि लीगचं काय अडलं? काही नाही. खरा पैसा टीव्हीचा. २०१८ ते २०२२ चे प्रक्षेपणाचे हक्क १६,३४७ कोटींना गेले. मॅच वानखेडेवर असो की विशाखापट्टणमला, आपल्या पडद्यावर तीच दिसते. टीमला बॅगा भरून निघता येतं. वावराला चाकं नसतात.

२०१८ ला उलटं झालं. कावेरीच्या पाण्यावरून चेन्नईत आंदोलन पेटलं, एका मॅचनंतर चेन्नईची टीम पुण्याला आली. तिचे हजारभर चाहते खास रेल्वेनं पुण्यापर्यंत आले. पिवळे शर्ट घालून नाचणारी ती पोरं टीव्हीवर बघितली अन् मला आपली पाणीगाडी आठवली. पाण्यापायी एक गाडी आमच्याकडं पाणी घेऊन आली, दुसरी माणसं. टीम कुठंही न्या, जीव लावणारा मागं जातोच. म्हणून मला वाटतं, टीम हलवण्यापेक्षा मैदानाला सांडपाणी शुद्ध करून वापरायची सक्ती करावी. खेळही राहील, पाणीही.

आणि आपल्यावर सक्ती कोण करणार? मी २०१७ ला ठिबक केलं. ऊस आता वीस गुंठेच. मॅच अजून बघतो, पण मैदानावरच्या पाण्याला नावं ठेवत नाही.

तुमच्या उसाला किती पाणी जातं, मोजलंय का कधी? कमेंटमध्ये सांगा. माझा हिशेब चुकला असेल तर तेही सांगा.