लाकडाची गिटार, कार्बनची गिटार

आमच्या छत्रपती संभाजीनगरात लाकडाला वर्षातून दोनदा परीक्षा द्यावी लागते. एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी होते की जुन्या घरांचे दरवाजे चौकटीत खुळखुळतात. श्रावणात तेच दरवाजे फुगतात आणि खांदा लावल्याशिवाय उघडत नाहीत. दरवाजाचं रंधा मारून भागतं, गिटारचं भागत नाही. तिची वरची फळी बहुतेक वेळा स्प्रूसची, जेमतेम ३ मिलिमीटर जाडीची. सहा पोलादी तारांचा मिळून ७० किलोच्या आसपासचा ताण तिनं अहोरात्र सोसायचा आणि तरीही बोटाच्या हलक्या छेडीनं थरथरायचं.

झाड तोडलं तरी लाकूड हवेतला ओलावा पीत आणि सोडत राहतं. त्याच्या अंगावरच्या रेषांच्या लांबीत ते जवळजवळ हलत नाही, आडव्या अंगानं मात्र फुगतं आणि आकसतं. म्हणून पावसाळ्यात गिटारचं पोट वर येतं, तारा पट्टीपासून उंचावतात आणि शिकणाऱ्याची बोटं सोलवटतात. उन्हाळ्यात फळी खाली बसते, फ्रेटची टोकं कडेला बोचू लागतात आणि एखाद्या दुपारी रेषेच्या बाजूनं बारीक तडा जातो. वाद्याला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मराठवाड्यातला मे त्याच्या खूप खाली असतो, ऑगस्ट खूप वर. त्यात दिवसभर कूलरची ओली हवा आणि तो बंद केला की पुन्हा कोरडेपणा.

अशा हवेत कार्बन फायबरची गिटार वरदान वाटते, आणि ते खरंही आहे. अमेरिकेत हेलिकॉप्टर बनवणाऱ्या चार्ल्स कमान यांनी १९६६ मध्ये ‘ओव्हेशन’ गिटारला काचतंतूंची गोल पाठ दिली. पुढे हवाईतल्या मावी बेटावर जॉन डेकर या भौतिकशास्त्रज्ञानं संपूर्ण गिटारच कार्बनची केली. तिचं नाव ‘रेनसाँग’, पावसाला न भिणारी. हा कार्बन म्हणजे कृत्रिम धागा प्राणवायूशिवाय हजार अंशांच्या वर भाजून उरलेला, केसाहून कितीतरी बारीक तंतू. तंतूंचं कापड विणायचं, ते राळेत भिजवून साच्यावर अंथरायचं आणि कडक होऊ द्यायचं. हिमरू आणि पैठणीच्या मुलखात हे वेगळं समजावून सांगायला नको: ही गिटार मुळात विणलेलं वस्त्र आहे. तिला ओलावा जवळपास लागत नाही, उष्णतेनं ती फारशी वाढत नाही. तारा मात्र पोलादाच्याच असल्यामुळे सूर लावणं काही सुटत नाही.

लाकडाची जागा दुसरं द्रव्य घेतं तेव्हा काय होतं, हे पाहायला मन वेरूळकडे वळतं. तिथल्या ३४ लेण्यांपैकी दहाव्याला लोक ‘सुतार का झोपडा’ म्हणतात. सातव्या शतकाच्या सुमाराचं हे चैत्यगृह अखंड कातळात कोरलेलं आहे, पण छताकडे पाहिलं की लाकडी तुळयांच्या फासळ्या दिसतात, ओळीनं वाकलेल्या, सगळ्या दगडाच्या. त्या काहीच पेलत नाहीत, पेलायला डोंगर आहे. तरीही कारागिरांना त्या हव्या होत्या, कारण पूजेची जागा म्हटली की त्यांच्या डोळ्यांसमोर लाकडी घरच येत असणार. कार्बनची गिटारही तशीच आहे. साच्यावर कुठलाही आकार देता येत असताना बहुतेक कारागिरांनी तिला तीच कंबर दिली, अनेकांनी मधोमध तोच गोल झरोका ठेवला. जास्त टिकणारं द्रव्य येतं तेव्हा ते आधी कमी टिकणाऱ्याचं रूप घेतं. मला त्यात लाकडाविषयीचा आदर दिसतो.

पण लाकूड खरंच कमी टिकतं का? लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला खऱ्या लाकडी फासळ्या आहेत, सुमारे दोन हजार वर्षांच्या. डोंगराच्या पोटात त्यांना ऊन-पाऊस थेट लागला नाही. लाकडाला वय मारत नाही, हवेची चढउतार मारते. स्पेनच्या अंतोनियो द तोरेस यांनी एकोणिसाव्या शतकात केलेल्या गिटारी आजही वाजतात, त्याही सांभाळल्या गेल्या म्हणूनच. कार्बनच्या गिटारींचं वय अजून काही दशकांचंच आहे, शंभर वर्षांची परीक्षा त्यांना द्यायची आहे.

शिवाय लाकडाला दुरुस्तीची मुभा असते. मिरजेत १८५०च्या सुमारास हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं करायला घेतली आणि तिथून एक अख्खी परंपरा उभी राहिली. पंढरपूरकडचा भोपळा आणि तुणीचं लाकूड यांतून तिथले तंबोरे, सतारी घडतात. २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळा तर हलक्या धक्क्यानंही तडकतो. तो जोडला जातो, तारांनी घोडी झिजली की जवारी पुन्हा काढली जाते आणि तंबोरा पुन्हा बोलू लागतो. लाकडी गिटारचंही तसंच: सरस ऊब देऊन सोडवता येतो, नेक पुन्हा बसवता येते, तडा आतून पातळ पट्टी लावून भरता येतो. कार्बन सहजासहजी मोडत नाही, पण जोराचा आघात बसला तर आतले थर सुटतात, बाहेरून ते कळेलच असं नाही, आणि ते नीट जुळवणारे हात फार थोडे आहेत.

म्हणून मला वाटतं, एसटीनं प्रवास करणाऱ्या, वसतिगृहात राहणाऱ्या मुलीला परवडत असेल तर तिनं कार्बनची गिटार जरूर घ्यावी. तिला हवेशी भांडत बसण्यापेक्षा रियाजाला वेळ मिळायला हवा. पण बहुतेकांच्या हाती लाकडीच गिटार असणार, आणि ती किती जगेल हे तिच्या लाकडाइतकंच आसपासच्या जाणत्या हातांवर ठरणार आहे. मिरजेनं ते हात पिढ्यान्‌पिढ्या घडवले. आपल्याकडे शहराशहरात गिटारचे क्लास चालतात, तिथं सरगमसोबत आर्द्रतामापक वाचणं, तारा नीट बदलणं, सुटलेला ब्रिज चिकटवणं हेही शिकवलं जावं. आपल्या वाद्याची दुखणी ओळखता येणं हाही संगीतशिक्षणाचाच भाग आहे.