पूररेषेवरचं पुणे

जुलै आला की पुणेकरांना दोनच प्रश्न पडतात. एक, या वीकएण्डला सिंहगड की ताम्हिणी? आणि दोन, भिडे पूल पाण्याखाली गेला का? दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ असलं, की ऑफिसातून सुटलेली मंडळी झेड ब्रिजकडे वळतात. पाणी बघायचं, फोटो काढायचा, भाजलेलं कणीस खायचं नि घरी. यंदा मात्र एखाद्या रविवारी जरा वेगळी ट्रिप करून बघा. पाणी कुठवर येतं हे बघायचं नाही, पाण्यामुळे माणसं कुठे गेली ते बघायचं. तीन स्टॉप आहेत, टू-व्हीलर पुरे. आणि पुण्यात पहिला फ्लॅट बुक करायच्या विचारात असाल, तर ही ट्रिप मस्टच!

पहिला स्टॉप : नारायण पेठ

१२ जुलै १९६१. बांधकाम पुरतं संपलंही नव्हतं, त्या पानशेत धरणाने सकाळी दगा दिला. त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याची भिंतही टिकली नाही. नारायण, शनिवार, कसबा अशा नदीकाठच्या पेठांत पाणी घुसलं, लकडी पूल बुडाला आणि मातीविटांचे वाडे बसले. गंमत बघा, शहरभर पाणी आणि प्यायला थेंब नाही. कारण पुण्याचं पिण्याचं पाणी येत होतं खडकवासल्यातूनच.

आज इथे फिरताना वाड्यांच्या जागी अपार्टमेंट्स दिसतात, खाली झेरॉक्स आणि क्लासच्या पाट्या. पण एखाद्या जुन्या दुकानात आजोबा बसलेले असतील, तर नुसतं ‘पानशेत’ म्हणा. पाणी कुठवर होतं, ते हात वर करून दाखवतील. पुण्यात ‘पानशेतच्या आधी’ आणि ‘पानशेतच्या नंतर’ अशी एक कालगणनाच आहे.

दुसरा स्टॉप : सहकारनगर

पर्वती ओलांडून तळजईच्या पायथ्याकडे आलात, की पेठेतला गजबजाट एकदम ओसरतो. झाडी, शांत गल्ल्या, जुने बंगले. इथल्या ‘रिच’ लुकवर जाऊ नका. सहकारनगर, गोखलेनगर, लोकमान्यनगर या भागांच्या जन्माशी पानशेतचा पूर जोडलेला आहे. घरदार गेलेल्यांना उंचावर जागा मिळाली, पूरग्रस्तांच्या गृहनिर्माण सोसायट्या झाल्या. सहकारनगरच्या नावातच ते आलंय.

हे गणित जमलं कसं? जागा मिळाली ती शहरापासून सायकलच्या अंतरावर. मंडई, शाळा, नोकरी सगळं तेच राहिलं. सोसायटी करून आल्यामुळे जुने शेजारीही पुष्कळांना जवळ मिळाले. हे स्थलांतर स्वखुशीचं नव्हतं, घर नदीनेच काढून घेतलं होतं. पण उंचावर गेलेली माणसं पुढे तिथे रुजली, एवढं खरं.

आणि तरी शेवट गोड नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून येणारा आंबिल ओढा फुटला. सहकारनगरला लागूनच असलेल्या टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसं गेली. त्या पावसाने पुणे परिसरात वीसहून जास्त बळी घेतले. नदीपासून लांब गेलो म्हणजे सुटलो, असं नसतं बॉस. ओढा आवळला, की तोही नदीसारखाच वागतो.

तिसरा स्टॉप : एकतानगरी

आता सिंहगड रोड. २५ जुलै २०२४ ला पहाटे लोक उठले ते पार्किंगमधल्या पाण्याच्या आवाजाने. तळमजले बुडाले, गाड्या तरंगल्या, माणसांना बोटीतून काढावं लागलं. त्याच पहाटे डेक्कनला पुलाच्या वाडीत हातगाडी हलवताना विजेचा धक्का बसून तिघे गेले.

आता आकडे बघा. मुठेची निळी पूररेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा. ती साठ हजार क्युसेक धरून आखलेली. लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची, लाख क्युसेकची. त्या पहाटे खडकवासल्यातून सोडलं होतं पस्तीस हजारांच्या आसपास. म्हणजे निळ्या रेषेच्या पाण्याला अजून बराच अवकाश होता! धरणाखालच्या ओढ्यांचं पाणी नदीत भरीला येतं आणि पात्रातले भराव तिची जागा खातात. नदी मोठी झाली नाही, तिची खोली लहान झाली.

इथल्या माणसाचा पेच मात्र खरा आहे. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला बंदी, म्हणून रिडेव्हलपमेंट अडतं. पूर बघितलेलं गिऱ्हाईक भाव पाडून मागतं. हप्ता मात्र दर महिन्याला जातोच. मीटर वर घ्या, पंप बसवा, हे करून नुकसान कमी होतं, धोका जात नाही.

तिसरा रस्ता आहे. सरकारने पुराआधीच्या भावाने घर विकत घ्यायचं, इमारत पाडायची आणि जागा कायमची नदीला सोडायची. नेदरलँड्समध्ये नायमेगन शहराजवळ हेच केलं. वाल नदीचा बांध साडेतीनशे मीटर मागे घेतला, त्यासाठी पन्नासेक घरं हलवली. आपल्याकडची मेख अशी, की अपार्टमेंटमधला एकटा फ्लॅट विकत घेऊन नदीला काहीच मिळत नाही. अख्ख्या सोसायटीने एकत्र ‘हो’ म्हणायला हवं. ज्या सोसायटीत पार्किंगवरून एकमत होत नाही, तिथे हे किती कठीण, ते तुम्हीच सांगा!

आणि नुसती जागा देऊन भागत नाही. कोल्हापूरजवळच्या चिखली आणि आंबेवाडीला १९८९ च्या पुरानंतर सोनतळीला उंचावर प्लॉट मिळाले. पण शेती आणि जनावरं राहिली जुन्या गावाशी, म्हणून बरीच माणसंही तिथेच राहिली. २०१९ च्या पुराने पुन्हा तीच गावं गाठली. त्याच पुरात कोल्हापूरची पाणी उपसा केंद्रं बुडाली आणि शहर टँकरवर आलं. लोकांना ‘हला’ म्हणण्याआधी सरकारने आपले पंप, दवाखाने, विजेच्या डीपी उंचावर नेल्या, तर लोकही जरा ऐकतील.

१९६१ ला हलायचं की नाही, हे पुण्याने ठरवलं नाही, नदीने ठरवलं. आता रेषा नकाशावर आहेत, आकडे हाताशी आहेत. पुढचं स्थलांतर पुराआधी, पूर्ण भावाने आणि शेजाऱ्यांसकट झालं, तर ते खरं पुणेरी शहाणपण.

‘रिव्हर व्ह्यू’ फ्लॅट बघायला जाताय?

● विकास आराखड्यावर निळी आणि लाल रेषा बघा. ब्रोशरवर ती नसते.
● २५ जुलै २०२४ ला पाणी कुठवर होतं, ते कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारा. बिल्डरला नको.
● मीटर बोर्ड, लिफ्टचं पॅनल, जनरेटर तळघरात आहेत की वर?
● ड्रेनेजमधून पाणी उलटं येऊ नये म्हणून व्हॉल्व्ह बसवलाय का?
● घराच्या आणि गाडीच्या विम्यात पूर धरलाय ना? आणि पाण्यात बुडालेली गाडी स्टार्ट करू नका, इंजिन जातं.