प्रवासातली शेगडी

नाताळची सुट्टी जवळ आली की आमच्या घरात दोन गोष्टींवर चर्चा सुरू होते. यंदा मुक्काम कुठे करायचा आणि कबाब भाजायला शेगडी कोणती न्यायची. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लवकर मिळते. कोल्हापूरच्या पश्चिमेला पन्हाळा, आंबा, गगनबावडा, राधानगरी असा सगळा डोंगरपट्टा पसरलेला आहे. कुठेही गेले तरी मन रमते. दुसऱ्या प्रश्नाने मात्र आम्हाला वर्षभर विचार करायला लावला. त्याची हकीकत वाचकांसमोर ठेवावीशी वाटते, कारण त्यात चवीपेक्षा फार मोठी गोष्ट गुंतलेली होती.

आम्ही दोघेही शिक्षक. घरात अम्मी, तेरा वर्षांचा मुलगा आणि त्याच्याहून लहान मुलगी. पूर्वी सहलीला गेलो की तीन दगड मांडायचे आणि वर जाळी ठेवायची, असा आमचा रिवाज होता. मोबाइलवर परदेशातल्या घडीच्या शेगड्या पाहून मुलाने हट्ट धरला. म्हणून गेल्या वर्षी तंबू भाड्याने घेतला आणि बाजारातून एक घडीची शेगडी आणली. वजन जेमतेम दोन किलो, दुमडणारे पाय, पिशवीत सहज मावणारी. चित्रात दिसली तशीच होती.

मुक्काम राधानगरी तालुक्यात, आमच्या एका सहकारी शिक्षकांच्या मामांच्या शेतावर होता. घराजवळच तंबू ठोकला. बाजूच्या रानातला ऊस तुटून गेलेला, पाचट तसेच पसरलेले. कोळसे पेटले, कबाब चढले आणि तासाभरात शेगडीचा एक पाय वाकला. चार निखारे घरंगळत पाचटाकडे गेले. मामांच्या हाताशी पाण्याची कळशी होती म्हणून निभावले. “मास्तर, पाचटाला एक ठिणगीबी बास हुती,” एवढेच ते म्हणाले. त्या माणसाने आम्हाला आपली जागा विश्वासाने दिली होती. आमची मान खाली गेली.

रात्री थंडी वाढली. जेवणे झाली, निखाऱ्यांवर पांढरी राख चढली आणि शेगडी विझली असे आम्ही धरून चाललो. अम्मी आणि मुले तंबूत झोपली, आम्ही दोघे मामांच्या पडवीत. पहाटे तीनच्या सुमारास मुलगी उलट्या करीत बाहेर आली. आम्ही धावत तंबूशी गेलो. चेन पूर्ण लावलेली होती आणि आत कोपऱ्यात ती शेगडी होती. मुलगा हलवल्यावर कसाबसा उठला. अम्मींचे डोके ठणकत होते, त्यांना उभे राहता येईना. सगळ्यांना उघड्यावर आणले आणि मामांच्या गाडीतून दवाखाना गाठला. ऑक्सिजन लावल्यावर सकाळपर्यंत तिघेही सावरले. अल्लाहचे शुक्र की मुलीला वेळेवर जाग आली.

“शेगडी आत कुणी नेली?” या प्रश्नावर मुलगा रडत म्हणाला, “दादीकू थंडी लगरी थी.” त्याच्यावर रागावण्याचा हक्क आम्हाला नव्हता. त्याने मायेपोटी केले. जे त्याला माहीत असायला हवे होते, ते सांगायचे काम घरातल्या दोन शिक्षकांचे होते, आणि ते राहून गेले होते.

डॉक्टरांनी समजावले ते असे. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. डोके दुखते, चक्कर येते, मळमळते. झोपलेल्या माणसाला तर तेही कळत नाही. धूर थांबला, वर राख धरली म्हणजे धोका टळला, हा आपला समज चुकीचा आहे. राखेखाली निखारा तासन्‌तास जिवंत असतो आणि वायू सोडत राहतो. तंबू, बंद खोली, काचा लावलेली गाडी, कुठेही तो तितकाच घातक. अशा वेळी माणसाला आधी उघड्या हवेत आणावे आणि ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

घरी आल्यावर अम्मींनीच एका हदीसची आठवण करून दिली. मदीनेत एका रात्री एक घर आतल्या माणसांसह जळाले. ते कळल्यावर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले की आग ही तुमची शत्रू आहे, झोपताना ती विझवत जा. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हा प्रसंग आला आहे. आम्ही तो कितीदा तरी वाचला होता. शेगडीसमोर बसलो असताना आठवला नाही.

तेव्हापासून आमचा शेगडीकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलला. ती किती लवकर पेटते, किती लहान घडी होते, हे आम्ही मागे टाकले. पहिला प्रश्न एकच ठेवला: ही शेगडी विझते कशी?

बाजारात साधारण तीन प्रकार दिसले. पहिला पातळ पत्र्याचा, घडीचा. उचलायला हलका, पण पत्रा पिळवटतो, पाय डगमगतात आणि झाकण नसते. दुसरा बिडाचा. कोल्हापूर हे ओतकामाचे गाव, त्यामुळे बिडाची ओळख आपल्याला नव्याने करून द्यायला नको. उष्णता छान धरून ठेवते, पण वजन फार, आणि तापलेल्या बिडावर गार पाणी पडले तर तडकण्याची भीती. तिसरा प्रकार झाकणाच्या गोल शेगडीचा. त्याची जन्मकथा मजेशीर आहे. अमेरिकेत शिकागोजवळच्या एका धातुकामाच्या कारखान्यात जॉर्ज स्टीफन नावाचे गृहस्थ होते. तिथे पाण्यात तरंगणाऱ्या खुणेच्या बोया बनत. १९५२ साली त्यांनी अशा गोळ्याचे दोन भाग केले. खालचा झाला शेगडी, वरचा झाला झाकण. वाऱ्यापासून बचाव व्हावा हा त्यांचा हेतू. आम्हाला त्यात वेगळीच गोष्ट दिसली. झाकण लावले आणि हवेची भोके बंद केली की विस्तव गुदमरून विझतो.

मग मनात आले, शिकागोच्या कारखान्यात जमले ते आपल्या शिवाजी उद्यमनगरात का जमू नये? मोटारीच्या सुट्या भागांपासून शेतीच्या अवजारांपर्यंत काय काय घडवणारी ही वसाहत आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. एका लहान शेडमध्ये वयस्कर मिस्त्री भेटले. आम्ही वहीत काढलेले चित्र त्यांनी उलटसुलट पाहिले आणि विचारले, “सर, मॅडम, आधी सांगा, जेवणारं किती आणि वाहून नेणारं कोण?” असा नेमका प्रश्न आम्हाला कोणत्याच दुकानात कुणी विचारला नव्हता.

ठरले ते असे. पाच-सहा माणसांसाठी दीड फूट लांब, नऊ इंच रुंद आणि सहा इंच खोल पेटी. पत्रा सोळा गेजचा, म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर जाडीचा. “वीस गेजचा घेतलासा तर दोन वर्षांत पिळवटंल,” मिस्त्री म्हणाले. पाय दुमडणारे, पण उघडल्यावर कडीने घट्ट बसणारे आणि तळाशी बाहेर फाकलेले, म्हणजे उंचसखल जमिनीवर शेगडी कलंडत नाही. तळाला राखेचा ट्रे, म्हणजे निखारा जमिनीवर पडत नाही. दोन्ही बाजूंना हवेची भोके आणि ती बंद करणाऱ्या सरकत्या पट्ट्या. वर घट्ट बसणारे झाकण.

कोपऱ्यात चकचकीत जस्ताची जाळी पडली होती. ती स्वस्तात बसेल म्हणून आम्ही विचारले. मिस्त्रींनी मान हलवली. “ती कोंबड्यांच्या खुराड्याला. असला पत्रा वेल्डिंग करताना धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतोय. तिच्यावर खायचं भाजू नका.” त्यांचा अनुभव शास्त्राला धरूनच आहे. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळते आणि पेटलेला कोळसा त्याहून कितीतरी तापलेला असतो. आम्ही लोखंडी सळयांच्या साध्या जाळ्या घेतल्या, त्याही दोन. दोन का, ते पुढे येईलच. कबाबाच्या सळया चपट्या करून घेतल्या; गोल सळईवर खिम्याचा कबाब स्वतःभोवती फिरतो आणि एकच बाजू भाजत राहते.

सगळे मिळून वजन साडेनऊ किलो झाले. मुलाचा चेहरा पडला. पण गाडीने जाणाऱ्यांना साडेनऊ किलो जड नाही. पाठीवर सामान घेऊन गड चढणाऱ्यांनी मात्र मांस भाजायचा बेत घरीच ठेवावा, असे आमचे मत झाले आहे. आतून रंग अजिबात दिला नाही. पहिल्यांदा रिकामीच तासभर पेटवून पत्र्यावरचे तेल जाळून टाकले, मग पुसून खाण्याच्या तेलाचा हात फिरवला.

उर्दू शिकवणाऱ्याला शब्दांची ओढ असते. तुर्की लोक अशा शेगडीला ‘मंगल’ म्हणतात. आपल्या मंगलकार्याशी त्याचे काही नाते नाही. तो अरबी ‘मनकल’चा बदललेला उच्चार, आणि त्याचे मूळ ‘नक्ल’ म्हणजे एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे. उर्दूतला ‘मुंतकिल’ त्याच घराण्यातला. म्हणजे नेण्या-आणण्याची गोष्ट या शेगडीच्या नावातच आहे. आणि जी वस्तू आपण दुसऱ्याच्या जागेत नेतो, तिच्या बऱ्यावाइटाची जबाबदारीही आपल्याबरोबर प्रवास करते.

यंदा पुन्हा मामांकडेच गेलो. खरे तर आम्हाला संकोच वाटत होता, पण बोलावणे त्यांचेच आले. रंकाळा मागे टाकून राधानगरीचा रस्ता धरला. हळदी, भोगावती करत ऊसपट्टा संपत येतो आणि डोंगर जवळ यायला लागतात. शाहू महाराजांनी सुरू केलेले राधानगरीचे धरण आणि त्याच्या पलीकडे दाजीपूरचे जंगल. गव्यांसाठी प्रसिद्ध असलेले हे अभयारण्य महाराष्ट्रातले पहिले मानले जाते. मुलाने विचारले, “जंगलात जाऊन भाजू या का?” तर नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने आग पेटवणे जसे मना आहे, तसेच ती जळती सोडून जाणेही मना आहे. डिसेंबरनंतर गवत वाळते आणि एका निखाऱ्याने डोंगर काळा होतो. जंगल दिवसा पाहावे, विस्तव मात्र परवानगीच्या आणि मोकळ्या जागीच करावा.

मामांच्या अंगणात पाचट दूर सारून दहा फुटांचे वर्तुळ साफ केले. दोन बादल्या पाणी आधी भरून ठेवले, मग काडी ओढली. रॉकेल नाही, जुन्या डब्याला भोके पाडून त्यात कोळसे रचले आणि खाली कागद पेटवला. वीस-पंचवीस मिनिटांत कोळसे लाल होऊन वर राखेचा पापुद्रा आला. पाच-सहा जणांना दीड किलो कोळसा पुरतो. बाभळीचा कोळसा घट्ट आणि बराच वेळ टिकणारा. ओलसर कोळसा तडतडतो आणि ठिणग्या उडवतो, तो घेऊ नये.

त्या दिवशी गुरुवार होता आणि मामींचा मार्गशीर्षातला उपवास. दुसरी जाळी त्यासाठीच केली होती. तिला आमच्या मटणाचा कधी स्पर्शही झाला नव्हता. आधी त्या जाळीवर रताळी, कणसे आणि भरताची वांगी भाजली. वेगळ्या चिमट्याने, वेगळ्या परातीत. मामींनी जाळी हातात घेऊन पाहिली आणि म्हणाल्या, “एवढं कशाला केलंसा?” पण रताळी त्यांनी रात्री उपवास सोडताना आवडीने खाल्ली. आपल्या ताटात हलाल काय आणि कसे येते याची आपण काळजी घेतो. यजमानाच्या ताटाचीही तेवढीच काळजी घ्यायला हवी. मग आमचे कबाब चढले. मामा मात्र दुसऱ्या दिवसाची वाट पाहायला तयार नव्हते, पण मामींकडे पाहून गप्प बसले. त्यांच्यासाठी मसाला लावलेल्या चापा शुक्रवारकरता बाजूला ठेवल्या.

जेवणानंतर झाकण लावले, दोन्ही पट्ट्या सरकवल्या आणि शेगडी तंबूपासून वीस पावलांवर, उघड्या जागी ठेवली. निखारे मातीत पुरले नाहीत. मातीखाली ते विझत नाहीत, उलट दिसेनासे होतात आणि कुणाचा तरी पाय भाजतो. तापलेल्या पेटीत एकदम पाणीही ओतले नाही. वाफेने हात भाजतो. अम्मींसाठी दोन जादा रजया आणि गरम पाण्याची पिशवी आधीच बांधून आणली होती.

बाजारात शेगडी घ्यायला जाल तेव्हा पाय हलवून पाहा, पत्रा दाबून पाहा, जाळी कशाची आहे ते विचारा. पण सर्वांत आधी झाकण लावून हवा पूर्ण बंद होते का ते पाहा. आणि घरातल्या लहान मुलांना ती पेटवायला शिकवण्याआधी विझवायला शिकवा.

आमच्या मुलाने ते काम आता स्वतःकडे घेतले आहे. सकाळी फजरनंतर तो शेगडीपाशी गेला, हाताची उलटी बाजू पत्र्याजवळ नेली, मग झाकण उघडले. आत गार, काळे, अर्धे राहिलेले कोळसे होते. त्यावर पाणी शिंपडून त्याने ते राखेतून निवडले आणि पुढच्या वेळेसाठी उन्हात पसरले. तंबूच्या दारातून अम्मींनी विचारले, “बुझी क्या रे?”

“रातकूच बुझी, दादी,” तो म्हणाला.