भागतंय आमचं

मुलांनो, आणि त्यांच्या शेजारी बसून ही पुस्तिका वाचणाऱ्या आई-बाबांनो,

चिकाच्या हलव्याची कृती या वेळी लिहायची होती. ती पुढच्या अंकात. वर्गातली काही मुले यंदा बारावीला पोचली आहेत आणि त्यांच्या घरी फीची बोलणी सुरू झाली आहेत, म्हणून आज पैशांविषयी लिहिते. आपल्यात हा विषय चारचौघांत काढत नाहीत. मीही सत्तरी ओलांडेपर्यंत काढला नव्हता.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये माझी नात, माझा मुलगा आणि मी असे तिघे शारजाहून दुबईला गेलो. वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये गेटेक्स हे शिक्षणाचे प्रदर्शन भरते. तिथे नाना विद्यापीठांचे स्टॉल असतात आणि शिष्यवृत्तीवर भाषणेही होतात. आम्ही गुरुवारी गेलो. शुक्रवारी गेलो असतो तर सगळा जीव घड्याळात राहिला असता, कारण सूर्यास्ताच्या आत घरी येऊन दिवे लावायचे असतात. नात तेव्हा अकरावीत होती. असल्या मेळाव्याला जायची आम्हा तिघांचीही पहिलीच खेप.

पहिला तास आम्ही वाया घालवला, हे कबूल करते. दारात पिशवी मिळाली आणि जो कागद देईल त्याचा कागद आम्ही पिशवीत टाकत गेलो. पिशवी जड झाली, डोके रिकामेच राहिले. एका स्टॉलवर मोठ्या अक्षरांत ‘५० टक्के शिष्यवृत्ती’ असे लिहिले होते. मुलगा खूश झाला. तिथला तरुण फार गोड बोलत होता. नातीने सहज विचारले, “आणि दुसऱ्या वर्षी?” तेव्हा तो पाने उलटू लागला. सूट फक्त पहिल्या वर्षाची, तीही फक्त शिकवणीच्या फीवर. वसतिगृह वेगळे, जेवण वेगळे, आणि पुढे सूट हवी असेल तर दर वर्षी अमुक टक्के गुण हवेत. खोटे कोणी बोलले नव्हते. आम्हीच निम्मे वाचले होते.

मग मी दोघांना खुर्च्यांवर बसवले आणि नातीला वही काढायला लावली. चाळीस वर्षे शाळेत शिकवल्यावर दुसरे काय सुचणार! तिने एका पानावर प्रश्न लिहिले. ही मदत किती वर्षे मिळणार? कोणकोणत्या खर्चाला लागू? ती टिकवायला किती गुण लागतील? वडिलांची नोकरी मध्येच गेली तर काय? शेवटचा प्रश्न तिने स्वतः लिहिला आणि वहीवर हात ठेवून बापाकडे पाहिले. त्याच्या कंपनीने सहा महिन्यांपूर्वी पगार कापला होता. तिला ते सांगितले नव्हते, असे आम्हाला वाटत होते.

पुढच्या स्टॉलवर एक वयस्क बाई होत्या. त्यांनी मुलाला नीट विचारले, “तुम्ही वर्षाला किती खर्च करू शकता?” आणि माझा मुलगा हसून म्हणाला, “नो प्रॉब्लेम, वुई विल मॅनेज.”

माझ्या पायाखालची जमीन सरकली. हे वाक्य मी आधी ऐकले होते, मराठीत.

साल १९६७. मी मजगावच्या सर एली कदूरी शाळेतून अकरावी पास झाले होते. वडील रेल्वेच्या कारखान्यात फिटर, आम्ही पाच भावंडे. पुढच्या शिक्षणासाठी एक संस्था मदत देते, असे आमच्या बाईंना कळले आणि त्यांनी माझा अर्ज भरून घेतला. मुलाखतीला वडील इस्त्रीचा कोट घालून आले. समोरच्या गृहस्थांनी आपुलकीने विचारले, “घरचं कसं चाललंय?” वडील म्हणाले, “देवाच्या कृपेनं भागतंय आमचं.” झाले. ज्याचे भागत नव्हते त्याला मदत मिळाली, आणि ते बरोबरच होते. मी दोन वर्षे एका दुकानात हिशेब लिहिले, मग अध्यापिका झाले. वडिलांवर मी कधी रागावले नाही. पण घरी येताना ते एक शब्द बोलले नाहीत, ते मला अजून आठवते.

आमची ती शाळा कशी उभी राहिली ते तुम्हाला वर्गात सांगितले आहे. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी १८७५ साली इस्राएली शाळा काढली. तिला लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनची मदत मिळत असे. ती मदत कोणीतरी पत्रे लिहून, हिशेब दाखवून, पुन्हा पुन्हा मागितली असणारच. त्या मागण्यावर मी बाराखडी शिकले.

तर त्या स्टॉलपाशी मी मुलाच्या दंडाला धरले आणि म्हटले, “अरे, खरा आकडा सांग त्यांना.” तो चिडला. “आई, इथे नको.” मी म्हटले, “इथेच. त्यासाठीच तर आलोय.” नात मध्ये पडली. तिने वही उघडून तिचा तिने मांडलेला आकडा वाचून दाखवला. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “त्यातून दहा हजार कमी कर.” त्या बाईंचा चेहरा जराही बदलला नाही. रोज असे आकडे ऐकणारे माणूस! त्यांनी सरळ सांगितले की या रकमेत आमच्याकडे बसणार नाही, तुम्ही भारतातल्या योजना बघा.

त्या योजना आम्हाला स्टॉलवर कळल्या नाहीत, चहाच्या रांगेत कळल्या. पुढे एक मल्याळी आई उभी होती. तिचा थोरला मुलगा कालिकतच्या एन.आय.टी.मध्ये शिकतो. परदेशातल्या मुलांसाठी ‘दासा’ नावाची प्रवेश योजना आहे. तिच्यातून एन.आय.टी.ची शिकवणी वर्षाला ८,००० डॉलर पडते. पण तिच्याच पोटात आखातात काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी एक तृतीयांश जागा राखीव असतात आणि त्यांना भारतातल्या मुलांइतकीच फी लागते. त्यासाठी जे.ई.ई. मेन द्यावी लागते. तिचे केंद्र दुबईतही असते. आमची नात इंजिनिअरिंगला जाणार, हे ठरलेले. मुलाला या देशात येऊन अठरा वर्षे झाली, आणि हे आम्हाला एका रांगेत कळावे!

दुसरी गोष्ट नातीने भाषणात बसून टिपून घेतली. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाची परदेशस्थ भारतीयांच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती आहे, २००६-०७ पासूनची. भारतात पदवी घेणाऱ्या १५० मुलांना ती मिळते. संस्थेच्या खर्चाच्या ७५ टक्के किंवा वर्षाला ४,००० डॉलर, यांतली जी रक्कम कमी असेल ती. अमिरातीसारख्या देशांत राबणाऱ्या कामगारांच्या मुलांसाठी यातल्या ५० जागा आहेत. डॉलरला ३.६७२५ दिरहम, म्हणजे ४,००० डॉलरचे १४,६९० दिरहम. नातीने तिथेच गुणाकार केला. मी तपासला. बरोबर होता. तेव्हा ‘५० टक्के’ असल्या शब्दांना भुलू नका, वर्षाचे दिरहम मांडा आणि चारने गुणा. अटी मात्र दर वर्षी वकिलातीकडून ताज्या करून घ्या, माझ्या लिहिण्यावर जाऊ नका.

भाषण संपल्यावर लोक उठून जेवायला पळाले. आम्ही बसून राहिलो. वक्त्यांशी खरे बोलणे त्यानंतरच्या दहा मिनिटांत झाले. नातीने त्यांचे नाव आणि ईमेल वहीत लिहून घेतले, आणि त्याच रात्री दोन ओळींचे आभार व एक राहिलेला प्रश्न पाठवला. चौथ्या दिवशी उत्तर आले.

परत येताना बसमध्ये मुलगा खिडकीबाहेर बघत होता. सहारा सेंटर गेल्यावर म्हणाला, “आजोबांनी तेव्हा खरं सांगितलं असतं तर तू काय झाली असतीस?” मी म्हटले, “तरीही शिक्षिकाच. पण दोन वर्षं आधी.” नात हसली, मग तोही.

या वर्षी अर्ज भरताना वडिलांच्या मासिक उत्पन्नाचा रकाना त्याने स्वतः भरला. पगाराचा कापलेला आकडा. निकाल अजून यायचा आहे.

ज्यांना या वर्षी जायचे आहे त्यांनी पुढच्या रविवारी वर्गाच्या तासभर आधी या. वही आणा, आणि आई-बाबांपैकी निदान एकाला आणा. मी पिशव्या आणीन. तिथे मिळालेल्या तीन अजून घरात आहेत, भाजीला बऱ्या पडतात.