इंजिन उतरवण्याआधी

घरात म्हातारं माणूस असावं, पण म्हातारी मोटार असू नये, असं माझ्या सासूबाईंचं मत आहे. आमच्या घरात मात्र गेली सहा वर्षं एक म्हातारी मोटार आहे. आम्ही राहतो इंग्लंडात, बर्मिंगहॅमजवळच्या एका गावात, आणि ह्यांचा जीव जडला आहे १९७२ सालच्या एमजीबी जीटीवर. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावी १९६२ ते १९८० पर्यंत एमजीबी गाड्या तयार होत. पाच लाखांवर निघाल्या. बुटकी, देखणी गाडी. मागच्या बाकावर आमची दोन मुलं कशीबशी मावतात. इतक्या जुन्या गाडीला इथे रस्त्याचा कर माफ असतो, हे ह्यांचं नेहमीचं समर्थन. दुरुस्तीला काय लागतं ते विचारायचं नाही!

गेल्या ऑक्टोबरात तिचा क्लच बिघडला. पेडल पूर्ण दाबलं तरी रिव्हर्स टाकताना खर्रर्र आवाज. गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि सांगून टाकलं, "क्लच गेला. इंजिन बाहेर काढावं लागेल. बाराशे पौंड." ह्या गाडीत इंजिन उतरवल्याशिवाय क्लच प्लेटला हात लागत नाही, हे खरंच आहे. पण मार्चमध्ये साताऱ्याला माझ्या वडिलांची पंच्याहत्तरी होती आणि चौघांच्या तिकिटांसाठी मी शाळेतल्या पगारातून पैसे बाजूला टाकत आले होते. एवढी रक्कम गेली तर जाणं रद्द. हे म्हणाले, "विकून टाकू गाडी." म्हणाले खरे, पण त्या रात्री आमटीत मीठ नाही हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

मी बी. ए., तेही इतिहास घेऊन. मोटारीतलं मला काय कळणार? पण पुराव्याशिवाय निकाल द्यायचा नाही, हे मुलांना शिकवून शिकवून अंगवळणी पडलं आहे. म्हटलं, "अहो, इंजिन उतरवण्याआधी क्लच नक्की कुठे बिघडलाय ते तर बघू!"

मैत्रिणींनो, तुम्हीही आता गाड्या चालवता म्हणून थोडं समजावून सांगते. मारुती ८०० च्या क्लचला तार असायची. आमच्या गाडीत, आणि हल्लीच्या पुष्कळ गाड्यांतही, तारेच्या जागी तेल असतं. पेडल दाबलं की वरच्या मास्टर सिलिंडरमधलं तेल नळीतून खालच्या स्लेव्ह सिलिंडरकडे ढकललं जातं. तिथला दांडा पुढे सरकतो आणि क्लच सुटतो. वरचा सिलिंडर ०.७५ इंचाचा, खालचा १.२५ इंचाचा. त्यामुळे जोर पावणेतीन पट वाढतो, पण सरकणं तेवढंच कमी होतं. वर पायाने कितीही दाबलं तरी खालचा दांडा जेमतेम अर्धा इंच हलतो. त्यातलं थोडंसं जरी हरवलं तरी क्लच पुरता सुटत नाही.

आता क्लच न सुटणं वेगळं आणि क्लच घसरणं वेगळं. प्लेट झिजली की बहुधा क्लच घसरतो. चढावर इंजिन नुसतं ओरडतं, गाडी वेग घेत नाही. आमचं तसं नव्हतं. चढ ती झोकात चढत होती. उलट पेडल भराभर दोनतीनदा दाबलं की रिव्हर्स गुपचूप पडायचा. म्हणजे दर खेपेला थोडं थोडं तेल पुढे जाऊन काम भागत होतं. प्लेट झिजली असती तर पेडल कितीदा दाबून काय उपयोग? आणखी एक परीक्षा आहे. सपाट, मोकळ्या जागी ब्रेक धरून पहिला गिअर टाकायचा आणि क्लच दाबून अर्धा मिनिट थांबायचं. गाडी हळूहळू पुढे ओढू लागली, आणि तेल कुठे गळतही नसलं, तर मास्टर सिलिंडरचे वॉशर आतल्या आत तेल सोडताहेत असं समजावं. आमची गाडी जागची हलली नाही. पण तेलाची पातळी मात्र खाली गेली होती.

ह्यांना कंबरदुखी, म्हणून गाडीखाली जायचं माझ्या वाट्याला आलं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. लोखंडी घोड्या लावून, चाकांना अडण देऊन मगच जावं. जुना पंजाबी ड्रेस चढवला, केस घट्ट बांधले आणि मुलीच्या कंपासमधली पट्टी घेऊन आडवी झाले. इंजिन बंद. हे वरून पेडल दाबत होते आणि मी खालून मोजत होते. तेरा मिलिमीटरच्या आसपास हवं, तिथे भरलं आठ! स्लेव्ह सिलिंडरचं रबरी टोपण वर केलं तर आतून तेल ओघळलं. शेजारच्या इंग्रज बाई कुंपणावरून विचारत होत्या, सगळं ठीक आहे ना म्हणून. काय सांगणार त्यांना!

स्लेव्ह सिलिंडर दोन बोल्टांवर असतो. तो सोडवून उघडला. आतली भिंत गुळगुळीत आहे की खड्डे पडलेत ते नखाने तपासायचं. खड्डे असले तर नवा सिलिंडरच घ्यावा, कारण त्यावर नवे वॉशर टिकत नाहीत. आमची गुळगुळीत होती, म्हणून नुसतं किट घातलं. मग तेल भरून एअर काढली. हवा वर चढणार आणि आपण वरून तेल खाली ढकलणार, म्हणून ती सहजासहजी निघेना. ह्यांना एक जुनी युक्ती ठाऊक होती. पुढच्या ब्रेकच्या निपलपासून स्लेव्हच्या निपलला तेल भरलेली नळी जोडायची, दोन्ही निपल उघडायचे आणि ब्रेक हळूच दाबायचा. तेल खालून वर जातं आणि हवेला बाहेर घालवतं. पेडल सोडण्याआधी दर वेळी ब्रेकचं निपल बंद करायचं, आणि काम झाल्यावर ब्रेकही तपासून घ्यायचे.

हे ब्रेक ऑइल मोठं खोडकर. रंगावर सांडलं की रंग उठतो; लगेच भरपूर पाण्याने धुवावं. आणि पावसाळ्यात मीठ जसं ओल धरतं तसं हे हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून बरेच दिवस उघडा राहिलेला डबा वापरू नये.

पट्टी पुन्हा लावली. साडेअकरा. गिअर पडायचा, पण नाराजीनं. हे म्हणाले, "आता पुरे." मला मात्र तो दीड मिलिमीटर झोपू देईना. पेडल आणि मास्टर सिलिंडरचा दांडा जोडणारी एक छोटी पिन असते. बॉनेट उघडून वरचं झाकण काढलं आणि पिन हातात घेतली, तर मध्ये निम्मी झिजलेली! पन्नास वर्षं पायाखाली दबत आली होती बिचारी. तिथे चार मिलिमीटर नुसतेच वाया जात होते, आणि पावणेतीनने भागलं की खालचा तो दीड मिलिमीटर. नवी पिन घातली. तेरा. रिव्हर्स लोण्यात सुरी शिरावी तसा गेला.

किट, पिन आणि तेल मिळून खर्च चाळीस पौंडांच्या आत. दोन रविवार गेले, आणि एक पंजाबी ड्रेस. त्याच आठवड्यात तिकिटं काढली.

रबरी नळी मात्र अजून जुनीच आहे. अशी नळी आतून फुगली तर पेडल सोडल्यावर तेल परत येत नाही आणि मग चांगला क्लचही घसरू लागतो. साताऱ्याहून परतल्यावर ती बदलायची असं ठरलं होतं. नवी आणून ठेवली आहे, फ्रीजवर. हे रोज विचारतात, "ह्या रविवारी?"