काला आंबच्या उद्यानात

लहानपणी गणिताच्या परीक्षेत कमी गुण मिळाले, की आम्ही ‘पानिपत झाले’ असे म्हणत असू. पानिपत हे एक गाव आहे आणि तेथे माणसे राहतात, हे मात्र कधी मनातही आले नव्हते. पुढे एका जानेवारीत दिल्लीहून सकाळच्या गाडीने एकटाच तिकडे निघालो. अंतर जेमतेम ९० किलोमीटर. परंतु धुक्यामुळे गाडी रखडतच पोहोचली.

स्थानकाबाहेर युद्धाची एकही खूण दिसेना. दिसले ते ब्लँकेटांचे गठ्ठे आणि सुताने भरलेल्या हातगाड्या. परदेशांतून आलेले जुने लोकरी कपडे पिंजून येथे त्यांचे पुन्हा सूत काढतात व त्याची ब्लँकेटे विणतात. उर्दू कवी हाली यांचा जन्मही याच गावचा. आपल्या भाषेने या गावाचे नाव केवढे आखडून टाकले आहे!

रिक्षा करून काला आंबला गेलो. शहरापासून काही किलोमीटरवरचे ते उद्यान अगदी निवांत होते. आत विटांचा एक स्तंभ उभा आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी याच परिसरात मराठे आणि अहमदशाह अब्दाली यांची लढाई झाली. येथील आंब्याचे झाड रक्ताने काळवंडले, अशी लोकसमजूत आहे. ते झाड आता नाही.

पलीकडे गव्हाची हिरवी शेते पसरली होती. ती पाहताना मला तलवारी आठवल्या नाहीत, भूक आठवली. अब्दालीने रसद तोडल्यामुळे सदाशिवरावभाऊंची छावणी दोन महिन्यांहून अधिक काळ कोंडली गेली होती. तिच्यात यात्रेकरू होते, बायकामुले होती. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, म्हणून सैन्य बाहेर पडले. आणि मी तर तासाभरापूर्वीच ढाब्यावर लोणी घातलेले दोन पराठे खाऊन आलो होतो!

पाने झाडणाऱ्या वृद्ध माळ्याने विचारले, “महाराष्ट्रातून आलात?” मी मान हलवली. “तिकडची माणसे येतात आणि गप्प बसतात,” तो हिंदीत म्हणाला. त्याने शेकोटीजवळ मला जागा करून दिली. मी पिशवीतले तिळाचे लाडू पुढे केले. एक त्याने खाल्ला. दुसरा नातवासाठी रुमालात बांधला.

परतताना आईसाठी ब्लँकेट घेतले. घरी तिने ते उलगडून पाहिले.

“कुठून आणलेस रे?”

“पानिपतहून.”

ती क्षणभर थांबली. मग त्यावरून हात फिरवत म्हणाली, “ऊब चांगली आहे हो याला.”